एच-इंडेक्स १९१ : मेंदू-संशोधकाचं काम आकड्यांत कसं वाचायचं

२००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक छोटासा पेपर लिहिला. हिर्श कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले. संशोधकाची आयुष्यभराची कामगिरी एकाच आकड्यात कशी बसवायची, याची युक्ती त्यांनी त्यात मांडली होती. आज पीएचडीच्या विद्यार्थ्यापासून निवड समितीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला एच-इंडेक्स तो हाच. नमुन्यादाखल त्यांनी काही नावं आणि त्यांचे आकडेही दिले होते. भौतिकशास्त्रात सर्वांत वर होते एडवर्ड विटन, ११०. जीवशास्त्राच्या यादीत पहिलं नाव होतं सॉलोमन स्नायडर यांचं, आकडा १९१. स्नायडर हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मेंदूवैज्ञानिक.

आता दुसरं नाव घेऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले जॉन ओकीफ. १९७१ साली त्यांनी जोनाथन दोस्त्रोव्स्की यांच्याबरोबर ‘ब्रेन रिसर्च’ या जर्नलमध्ये जेमतेम पाच पानांचं टिपण छापलं. २३ उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून ७६ पेशींचे विद्युत संकेत टिपले होते. म्हणजे एका उंदरामागे तीन-साडेतीन पेशी. या ७६ पैकी फक्त ८ पेशी अशा निघाल्या, की उंदीर एका ठरावीक जागी, ठरावीक दिशेला तोंड करून उभा असला, तरच सक्रिय व्हायच्या किंवा तेव्हा सर्वांत जास्त सक्रिय असायच्या. मेंदूत जागेचा नकाशा असतो, या कल्पनेचा पाया त्या आठ पेशी. २०१४ सालचं नोबेल ओकीफ यांना त्याच कामासाठी मिळालं, टिपण छापल्यावर ४३ वर्षांनी. स्नायडर यांना नोबेल मिळालेलं नाही.

दोघेही अव्वल दर्जाचे. मग १९१ हा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही? पीएचडीसाठी गाइड शोधणाऱ्याला, नेमणुकीचे अर्ज चाळणाऱ्याला आणि ‘जगातल्या आघाडीच्या शास्त्रज्ञांत अमुक यांचा समावेश’ अशी बातमी वाचणाऱ्यालाही हे कळायला हवं.

आधी मोजणी

एखाद्या पेपराच्या शेवटी संदर्भसूची असते. तिच्यात तुमच्या पेपराचं नाव आलं की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. बस, इतकंच. सूचीत नाव कौतुकाने आलं, खोडून काढण्यासाठी आलं की रिवाज म्हणून आलं, हे मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही.

ही मोजणी सुरू झाली ती माणसं तोलण्यासाठी नव्हेच. अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३ पासून शेपर्ड नावाची सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा दाखला पुढच्या कोणकोणत्या निकालांत दिला गेला, तो अजून ग्राह्य आहे का, हे तिच्यात सापडायचं. तीच पद्धत विज्ञानाला लावावी, असं युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवलं आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. हेतू होता वाट सापडावी हा: जुना पेपर हातात असेल, तर त्याच्यावरून पुढे काय काम झालं ते शोधता यावं. आजही सायटेशनचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

एच-इंडेक्स काढायला कागद-पेन्सिल पुरते. समजा, एका संशोधिकेचे दहा पेपर आहेत. सायटेशनची उतरती यादी अशी: ४१२, ९६, ६१, ४०, २२, १५, ९, ८, ३, ०. वरून क्रमांक टाकत चला. आठव्या क्रमांकाच्या पेपराला ८ सायटेशन आहेत, नवव्याला ३. क्रमांक सायटेशनच्या पुढे गेला की थांबायचं. म्हणून एच-इंडेक्स ८, म्हणजे किमान आठ सायटेशन असलेले आठ पेपर. गूगल स्कॉलरवर दिसणारा आय-टेन त्याहून सोपा: दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर मोजा. इथे ६.

आता याच यादीशी जरा खेळून पाहा. पहिल्या पेपराची ४१२ सायटेशन ४१ हजार झाली, तरी एच-इंडेक्स ८ च राहतो. उलट तो पेपर काढूनच टाकला, तर एकूण ६६६ सायटेशनमधली ६२ टक्के गेली, पण एच-इंडेक्स फक्त एकाने खाली आला, ७ वर. म्हणजे हा आकडा एखाद्या असामान्य पेपराकडे जवळपास दुर्लक्ष करतो आणि मध्यम यशाच्या अनेक पेपरांना मान देतो. शिवाय तो पेपरांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही आणि कधी कमी होत नाही. संशोधक निवृत्त झाला तरी वाढत राहतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गणितज्ञ अलेक्झांडर याँग यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की एकूण सायटेशनचं वर्गमूळ काढून त्याला ०.५४ ने गुणलं, तर एच-इंडेक्सचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दहा हजार सायटेशन असतील तर वर्गमूळ १००, एच-इंडेक्स ५४ च्या आसपास. या हिशेबाने १९१ मागे सव्वा लाखाच्या घरात सायटेशन असायला हवीत. म्हणजे एकूण सायटेशन ठाऊक असतील, तर एच-इंडेक्समुळे नवीन माहिती फारशी मिळत नाही. खरी गंमत आहे ती अंदाज चुकतो तिथे. वरच्या उदाहरणात सूत्राने जवळजवळ १४ यायला हवे होते, आले ८. इतकी तफावत दिसली की समजावं, एक तर पेपर मोजकेच आहेत, नाहीतर सगळा भार एक-दोन पेपरांवर आहे. ते कोणते, हे उघडून पाहावं.

१९१ कुठून आला

१९७३ साली स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत कँडेस पर्ट या पीएचडीच्या विद्यार्थिनीने अफूजन्य औषधं मेंदूत ज्याला चिकटतात, तो पेशीवरचा रिसेप्टर मोजून दाखवला. पद्धत थोडक्यात अशी. उंदराच्या मेंदूच्या ऊतीचा द्रावणात लगदा करायचा. त्यात नॅलोक्झोन हे औषध किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून मिसळायचं. थोडा वेळ मुरू द्यायचं. मग मिश्रण काचतंतूंच्या फिल्टरवर ओतून खालून हवा ओढत झटपट धुवायचं. पेशीपटलाला घट्ट चिकटलेलं औषध फिल्टरवर राहतं, सुटं औषध वाहून जातं. उरलेला किरणोत्सार मोजायचा. चिकटणं खरं की उगाच, हे तपासायला त्याच गटातल्या एका औषधाची आणि त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या निष्क्रिय रेणूची तुलना करायची. खरा रिसेप्टर असेल तर सक्रिय रेणू त्यावरची जागा बळकावतो, निष्क्रिय रेणूला ते जमत नाही. धुण्यात उशीर झाला तर चिकटलेलं औषधही सुटून जातं आणि हाती काहीच लागत नाही. सगळं कसब त्या धुण्याच्या वेगात.

आता पाहा, या रेसिपीत औषध बदललं की रिसेप्टर बदलतो. स्ट्रिक्निन घेतलं की ग्लायसिनचा, दुसरं एक औषध घेतलं की ॲसिटिलकोलीनचा, तिसरं घेतलं की डोपामिनचा; ही तिन्ही मेंदूपेशींमध्ये निरोप पोहोचवणारी रसायनं. एका पद्धतीतून पेपरांची रांग लागली आणि जगभरच्या औषध कंपन्यांना, प्रयोगशाळांना तीच पद्धत हवी होती. त्यांनी वापरली की सायटेशन आलंच. मोठी प्रयोगशाळा, दशकानुदशकं येत राहिलेले हुशार विद्यार्थी, नंतर नायट्रिक ऑक्साइडसारखे नवे विषय. १९१ च्या मागे ही सगळी यंत्रणा आहे. ओकीफ यांचं काम स्वभावतःच वेगळं होतं: हिंडत्याफिरत्या जिवंत प्राण्याच्या मेंदूत एकेका पेशीची वाट पाहत बसायचं. अशा कामातून वर्षाला ढीगभर पेपर निघत नाहीत, निघू शकतही नाहीत. त्यांचं लिन नॅडेल यांच्याबरोबरचं १९७८ चं पुस्तक आजही सतत उद्धृत होतं. पण फक्त जर्नलमधल्या पेपरांची मोजणी करणाऱ्या यादीत पुस्तक धरलं जात नाही.

नाव कुठे आहे ते पाहा

गणितात आणि अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात. मेंदूविज्ञानात क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं, बहुतेक वेळा पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक. शेवटचं नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं: कल्पना, पैसा, जागा आणि जबाबदारी त्याची. मधली नावं मदतीची. कुणी विश्लेषण केलं, कुणी उती कापून दिल्या, कुणी रुग्ण मिळवून दिले. पहिल्या दोघा-तिघांच्या नावावर चांदणी असेल आणि खाली ‘समान योगदान’ असं लिहिलं असेल, तर ते सगळे पहिलेच समजायचे.

१९७३ च्या पेपरात पहिलं नाव पर्ट यांचं, दुसरं आणि शेवटचं स्नायडर यांचं. १९७८ चा लास्कर पुरस्कार स्नायडर, जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मिळाला. पर्ट यांचं नाव वगळलं गेलं आणि त्यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. सायटेशन दोघांच्याही खात्यात सारखंच जमा होतं, श्रेय तसं वाटलं जात नाही. एच-इंडेक्सला हा फरक अजिबात दिसत नाही.

तो आणखी एका ठिकाणी फसतो. मेंदूच्या प्रतिमांचा डेटा जगभरातून एकत्र करणारे ‘एनिग्मा’सारखे प्रकल्प किंवा रोगभाराचे जागतिक अहवाल यांत लेखकांची संख्या शेकड्यांत जाते. अशा दहा-पंधरा पेपरांत मधलं नाव आलं, की तरुण संशोधकाचा आकडा झरझर चढतो. त्यात गैर काही नाही, डेटा गोळा करणं हेही काम आहे. पण स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतः उत्तर शोधलेले पेपर किती, हे वेगळं मोजावं लागतं. पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले पेपर वेगळे काढून त्यांचाच एच-इंडेक्स काढून पाहा. खूपदा ६० चा २० होतो, आणि ते २० जास्त खरे असतात.

सगळ्यांत जास्त उद्धृत होतं ते शोधकामच असतं असं नाही

विज्ञानात सर्वाधिक सायटेशनचा मान असलेला पेपर कोणता? १९५१ चा, प्रथिनाचं प्रमाण मोजायची ऑलिव्हर लाउरी यांची पद्धत सांगणारा. तीन लाखांहून जास्त सायटेशन. मेंदूविज्ञानातही तेच चित्र आहे. माणूस उजवा की डावखुरा हे ठरवायची ओल्डफील्ड यांची १९७१ ची प्रश्नावली घ्या. एमआरआय स्कॅनच्या अभ्यासात ‘सहभागी सगळे उजव्या हाताचे होते’ असं वाक्य येतं आणि त्यापुढे हा संदर्भ ठोकलेला असतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न विचारून ३० पैकी गुण देणारी फोलस्टीन यांची १९७५ ची चाचणी घ्या. रिचर्ड मॉरिस यांचा १९८४ चा पेपर घ्या: पाण्याचं गोल टाकं, पाणी गढूळ केलेलं, त्यात पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला एक चौथरा, आणि पोहत पोहत तो शोधायला शिकणारा उंदीर. स्मृतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत हे टाकं सर्रास दिसतं.

या पेपरांचं मोल कमी नाही; चांगलं अवजार देणं ही विज्ञानाची मोठी सेवा आहे. पण अवजाराचं सायटेशन आणि शोधाचं सायटेशन एका तराजूत घालता येत नाहीत. तसंच आढावा लेखांचं. इतरांनी केलेल्या शंभर-दोनशे पेपरांचा सारांश एका जागी मिळाला, की पुढचे लेखक मूळ दहा पेपर देण्याऐवजी तो एकच देतात. म्हणून यादी पाहताना प्रत्येक वरच्या पेपरापुढे चारपैकी एक खूण करा: शोध, पद्धत, आढावा, मोठा गट. पहिल्या वीस पेपरांत ‘शोध’ किती उरतात, ते पाहिलं की माणसाच्या कामाचा पोत कळायला लागतो.

काळ आणि शेजार

मेंदूविज्ञान हे नाव एक, पण घरं अनेक. अल्झायमरवर हजारो लोक काम करतात, गोगलगाईच्या मज्जापेशींवर मोजके. जिथे लिहिणारे जास्त, तिथे उद्धृत करणारेही जास्त. म्हणून दोन वेगळ्या उपक्षेत्रांतल्या माणसांचे आकडे शेजारी ठेवू नयेत. यावर उतारा म्हणून क्षेत्रानुसार दुरुस्त केलेले आकडे निघाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं ‘आयसाइट’ हे मोफत साधन पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या सूचीतल्या पेपराला सापेक्ष गुणोत्तर देतं. १ म्हणजे त्या संस्थेच्या पैशातून झालेल्या पेपरांच्या बरोबर मध्यावर, ३ म्हणजे त्याच्या तिप्पट. एका पेपराची तुलना त्याच्याबरोबर उद्धृत होणाऱ्या पेपरांशी, म्हणजे खऱ्या शेजाऱ्यांशी होते. एच-इंडेक्सपेक्षा हे गुणोत्तर कितीतरी उजवं आहे. मर्यादा इतकीच, की पेपर अगदी नवा असेल तर ते डळमळतं.

आणि काही पेपर झोपलेलेच असतात. प्रौढ मेंदूत नव्या मज्जापेशी जन्मतात, हे जोसेफ आल्टमन यांनी १९६० च्या दशकात किरणोत्सारी थायमिडिन वापरून दाखवलं. त्या काळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये माणसाच्या मेंदूतही नव्या पेशी दिसल्याचा पेपर आला, तोवर वारं फिरलं होतं आणि आल्टमन यांचे जुने पेपर पुन्हा वाचले जाऊ लागले. १९७५ साली त्यांचं मूल्यमापन सायटेशनवरून केलं असतं, तर निकाल साफ चुकला असता.

जर्नलचा आकडा माणसाला लावू नका

इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे. २०२३ चा काढायचा तर २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेली सायटेशन घ्यायची आणि त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंध व आढाव्यांच्या संख्येने भागायचं. ३०० पेपर, १,५०० सायटेशन, इम्पॅक्ट फॅक्टर ५. यात एक फट आहे. वर सगळ्या मजकुराची सायटेशन धरली जातात, संपादकीयांची आणि पत्रांचीसुद्धा, पण खाली भागताना ती मोजत नाहीत. शिवाय ही सरासरी आहे, आणि सरासरी थोड्यांच्या जिवावर उभी असते. ‘नेचर’नेच २००५ मध्ये लिहिलं होतं, की त्यांच्या आधीच्या वर्षीच्या आकड्यातला ८९ टक्के वाटा फक्त २५ टक्के पेपरांचा होता. म्हणजे ‘नेचर’मध्ये छापून आलं म्हणून तो पेपर खूप उद्धृत होईलच असं नाही.

मेंदूविज्ञानाला दोन वर्षांची ही खिडकी मुळातच अपुरी पडते. उंदरांना शिकवायचं, शस्त्रक्रिया करायची, महिनोन्महिने नोंदी घ्यायच्या. पुढच्या प्रयोगशाळेला उत्तर द्यायलाच तीन-चार वर्षं जातात. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी ‘डोरा’ नावाचं जाहीरनामावजा निवेदन केलं: व्यक्तीच्या नेमणुकीत, बढतीत जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये. अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. अर्जाच्या नमुन्यातला तो रकाना मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जसाच्या तसा आहे.

आपल्याकडे याला एक जोडदुखणं आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी विशेषणं लावून स्वतःचा इम्पॅक्ट फॅक्टर मिरवतात. खरा इम्पॅक्ट फॅक्टर फक्त क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालातला. पेपर पाठवल्यापासून चार दिवसांत स्वीकृती आली, परीक्षकांचा एकही प्रश्न आला नाही आणि पैशाची पावती आधी आली, तर तिथून मागे फिरावं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून विद्यापीठ अनुदान आयोगासाठी चालवली जाणारी मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संशोधकांवरच आहे.

सायटेशन खूप, पण पायाच कच्चा

२००६ साली ‘नेचर’मध्ये अल्झायमरवरचा एक पेपर आला. अमायलॉइड प्रथिनाचा एक विशिष्ट गुच्छ उंदरांची स्मृती बिघडवतो, असा दावा होता. दोन हजारांहून जास्त सायटेशन झाली. २०२२ मध्ये त्यातल्या प्रतिमांत फेरफार असल्याचे आक्षेप जाहीर झाले आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. सायटेशनचा आकडा मात्र शून्य होत नाही. मागे घेतलेला पेपर लेखकाच्या एच-इंडेक्सला हातभार लावतच राहतो.

लबाडी नसतानाही पाया कच्चा असू शकतो. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद तपासली. मध्य निघाला २१ टक्के. म्हणजे खरोखर अस्तित्वात असलेला परिणाम असे अभ्यास पाचातून एकदाच पकडू शकतात. कारण नमुने लहान. आणि लहान नमुन्यात जो परिणाम सापडतो, तो फुगलेला असण्याची शक्यता जास्त. फुगलेला आकडा लक्षवेधी, लक्षवेधी पेपर मोठ्या जर्नलमध्ये, मोठ्या जर्नलमधला पेपर जास्त उद्धृत, अशी साखळी तयार होते. २०१६ मध्ये अँडर्स एकलुंड यांनी दाखवलं, की एमआरआय विश्लेषणाच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये काही मांडण्यांत खोट्या होकाराचं प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. त्या मांडण्या वापरून झालेल्या कामांची सायटेशनही आपापल्या जागी आहेतच.

तासाभरात तपासणी

गूगल स्कॉलरवरचं प्रोफाइल उघडा. पहिलं काम: हे प्रोफाइल त्याच माणसाचं आहे का ते बघा. जोशी एस., पाटील ए., कुलकर्णी एस. ही नावं शेकडो जणांची. त्यात आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये कधी पूर्ण, कधी आद्याक्षर, कधी गायब. लग्नानंतर आडनाव बदललं की अर्धं काम जुन्या नावावर राहतं. स्कॉलर आपोआप पेपर जोडत जातो, त्यामुळे मेंदूच्या संशोधकाच्या यादीत मध्येच सिमेंटच्या मजबुतीवरचा पेपर दिसला तर नवल नको. सोळा आकड्यांचा ऑर्किड क्रमांक २०१२ पासून यासाठीच आहे. तुम्ही संशोधक असाल, तर पहिल्या पेपराआधीच तो काढा आणि प्रत्येक पेपरावर नाव एकाच पद्धतीने लिहा.

दुसरं, उजवीकडचे दोन रकाने. ‘सर्व’ आणि ‘अमुक वर्षापासून’. दुसऱ्या रकान्यातला एच-इंडेक्स त्या वर्षांत छापलेल्या पेपरांचा असतो, असं बरेच जण समजतात. तसं नाही. तो त्या वर्षांत मिळालेल्या सायटेशनवर काढलेला असतो, पेपर १९९५ चा असला तरी. अलीकडचं काम पाहायचं तर यादी वर्षानुसार लावा आणि शेवटची पाच वर्षं डोळ्यांनी वाचा. सायटेशनच्या आकड्यापुढे चांदणी दिसली तर तिथे इतर नोंदी जोडल्या गेल्या आहेत. त्यातली एखादी भलत्याच पेपराची असू शकते.

तिसरं, तोच माणूस स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या डेटाबेसांवर शोधा, ग्रंथालयातून दोन्ही मिळत असतील तर. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले पेपर), पुस्तकं सगळं मोजतो, म्हणून त्याचा आकडा सहसा सर्वांत मोठा. वेब ऑफ सायन्स निवडक, म्हणून सहसा लहान. दोन उमेदवारांची तुलना करायची तर एकाच ठिकाणचे, एकाच दिवशी काढलेले आकडे घ्या. एकाचा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला, तर तो सरळ अन्याय आहे. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन वगळायची सोयही आहे. वगळल्यावर थोडा उतार येणारच, कारण आपल्याच आधीच्या कामावर पुढचं काम उभं राहतं. निम्मा आकडा गळून पडला, तर मात्र कारण शोधा.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं. सर्वांत वरच्या शोध-पेपराच्या ‘उद्धृत करणारे’ दुव्यावर जा, अलीकडचे वीस पेपर घ्या आणि प्रत्येकात तो संदर्भ कोणत्या वाक्यात आला आहे ते वाचा. प्रस्तावनेत पाच जणांच्या रांगेत नुसतं नाव? पद्धत वापरली? निकाल पुन्हा मिळाला? की मिळाला नाही? वीस वाक्यं वाचायला अर्धा तास लागतो आणि त्यातून जे कळतं, ते कुठल्याही निर्देशांकातून कळत नाही. शेवटी मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस पाहा. २०२३ पासून तो क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सगळ्यांना खुला आहे.

दरवर्षी आपल्या वर्तमानपत्रांत झळकणारी ‘स्टॅनफर्डची दोन टक्के यादी’ही याच नजरेने वाचावी. ती त्या विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या आकड्यांवरून केलेली ती मांडणी आहे. तिच्यात एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, लेखकसंख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या जागी लिहिलेल्या पेपरांची सायटेशन, असे सहा घटक धरलेले असतात. म्हणजे नावाच्या जागेचा विचार तिच्यात आहे, ही जमेची बाजू. पण याद्या दोन निघतात, संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. बातमीत कोणती ते क्वचितच सांगतात. मेंदूवर काम करणारे बहुतेक जण तिच्यात न्यूरॉलॉजी व न्यूरोसर्जरी या एकाच उपक्षेत्रात टाकलेले असतात. तिथे माशांच्या मेंदूवर काम करणारी प्राध्यापिका आणि पक्षाघाताचे रुग्ण पाहणारे डॉक्टर एकाच रांगेत उभे असतात.

हिर्श यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिलं, की आपल्या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

गाइड निवडायचा असेल, तर एक तपासणी आणखी करा, ती कुठल्याच आकड्यात येत नाही. त्या प्रयोगशाळेचे गेल्या आठ-दहा वर्षांतले पेपर घ्या आणि फक्त पहिली नावं उतरवून काढा. ती वेगवेगळी आहेत का? प्रत्येक पीएचडीच्या विद्यार्थ्याला निदान एक पहिल्या नावाचा पेपर मिळाला का, आणि किती वर्षांनी? मग ती नावं एकेक करून शोधा. तेच लोक आज स्वतःच्या प्रयोगशाळेत, कंपनीत, रुग्णालयात किंवा वर्गात कुठे आहेत ते पाहा, आणि त्यांच्यापैकी दोघांना पत्र लिहून विचारा.